किती दिवसांत फरक पडेल?

संध्याकाळी सात-साडेसातला माटुंग्यात किंग्ज सर्कलजवळच्या एखाद्या औषधांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, तर एक गिऱ्हाईक हमखास ओळखू येतं. त्याचा नंबर आला तरी तो मागच्या बाईंना पुढे जाऊ देतो. मग आणखी एकाला. काउंटर मोकळा झाला की खिशातून चार घड्या घातलेली चिठ्ठी, नाहीतर रिकाम्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा काचेवर सरकवतो. दुकानदारही सरावलेला असतो. तो नाव मोठ्याने वाचत नाही, फक्त 'चार देऊ का?' एवढंच विचारतो. खाकी पाकीट खिशात जातं, सुटे पैसे न मोजताच घेतले जातात आणि माणूस फुलवाल्यांच्या गर्दीत मिसळून जातो.

त्याच्या मनात एक प्रश्न असतो. दुकानात तो विचारता येत नाही. डॉक्टरांकडे विचारला जातो, पण तोही सगळं बोलून झाल्यावर, उठता उठता, दाराला हात लावल्यावर. 'डॉक्टर, किती दिवसांत फरक पडेल?'

हे पुस्तक त्या एका प्रश्नाला दिलेलं सविस्तर उत्तर आहे. पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवर मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. आजार कोणते, कारणं काय, औषधं कोणती, हे सांगणारी पुस्तकं आहेत. पण उपचार सुरू झाल्यानंतर काय होतं, कधी होतं, किती होतं आणि काय होत नाही, याबद्दल माणसाला कुणी नीट बसवून सांगत नाही. ही जागा मोकळी राहिली म्हणून तिथे रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवरचे रंगवलेले दावे जाऊन बसले. '१५ दिवसांत खात्रीशीर', 'एका भेटीत गुण' वगैरे. खऱ्या डॉक्टरांनी मुदत सांगायची टाळली, खोट्यांनी ती छातीठोक सांगितली, आणि माणूस मुदत सांगणाऱ्याकडे गेला.

'बरं होणं' हा शब्दच इथे पहिली अडचण करतो. मराठीत तो ताप, जखम, मोडलेलं हाड यांच्यासाठी रुळलेला आहे. ताप उतरतो, टाके निघतात, प्लास्टर कापलं जातं, आणि त्या दिवशी माणूस बरा झालेला असतो. लैंगिक तक्रारीत असा प्लास्टर कापण्याचा दिवस बहुधा नसतो. त्यातून तक्रारीचं नावही धड नसतं. दवाखान्यात येणारा माणूस 'कमजोरी आहे' म्हणतो, 'प्रॉब्लेम आहे' म्हणतो. या एका कमजोरीत निदान चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. इच्छाच कमी झालेली असणं, इच्छा आहे पण ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, वीर्यपतन लवकर होणं, आणि ते फार उशिरा होणं किंवा न होणं. पाचवी गोष्ट, मूल न होणं, ही तर पूर्ण वेगळी. उत्तम संबंध ठेवणाऱ्या पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू नसू शकतात आणि ताठरता न येणारा पुरुष बाप होऊ शकतो. आपल्याकडे या सगळ्यांवर एकच घाव घालणारा 'नपुंसक' हा शब्द वापरला जातो. सासरी-माहेरी, भांडणात, कोर्टात, सगळीकडे तोच. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या १२व्या कलमात नवऱ्याच्या किंवा बायकोच्या असमर्थतेमुळे शरीरसंबंध झालाच नसेल तर लग्न रद्द करून मागता येतं. त्यामुळे काही घरांत उपचाराला दोन महिने मिळायच्या आतच वकिलाची नोटीस आलेली असते.

समजा, एकाच संध्याकाळी एकाच दवाखान्यात तीन माणसं बसली आहेत. पहिला सत्तावीस वर्षांचा, लग्नाला चार महिने झालेला. दुसरा बावन्नचा, दहा वर्षं मधुमेह असलेला. तिसरा चौसष्टचा, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढून आता पाच महिने उलटलेला. तिघांची तक्रार एकाच वाक्यात मावते, ताठरता येत नाही. प्रश्नही तिघांचा एकच, किती दिवसांत? उत्तरं मात्र इतकी वेगळी आहेत, की एकाचं दुसऱ्याला सांगितलं तर त्याचं नुकसान होईल.

हा फरक कळायला ताठरता म्हणजे काय हे समजून घ्यावं लागतं. मेंदूतून किंवा स्पर्शातून संदेश निघतो, मज्जातंतूंतून खाली येतो, तिथे नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. त्याने शिश्नातल्या रक्तवाहिन्यांचे आणि स्पंजासारख्या ऊतींचे स्नायू सैलावतात, रक्त आत भरतं, आणि भरलेल्या ऊतींच्या दाबाखाली बाहेर नेणाऱ्या शिरा दबल्या जाऊन ते तिथे टिकतं. म्हणजे ताठरता ही स्नायू सैल पडल्याने येणारी गोष्ट आहे. भीतीत शरीर नेमकं उलट करतं. हात गार पडतात, वाहिन्या आकसतात. आज जमलंच पाहिजे, असं मनाशी म्हणत खोलीत शिरणाऱ्या नवऱ्याचं शरीर पळायच्या तयारीत असतं.

निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटे जाग आल्यावर जाणवते ती त्यातली शेवटची. हे तपासायची एक जुनी, जवळजवळ फुकटची पद्धत आहे. चार टपाल तिकिटांची पट्टी झोपताना शिश्नाभोवती सैलसर नाही, घट्टही नाही, अशी गुंडाळून टोक चिकटवायचं. सकाळी तिकिटांमधली छिद्रांची रेघ फाटलेली दिसली, तर रात्री वाहिन्यांनी आणि मज्जातंतूंनी आपलं काम केलं असं समजायचं. सलग तीन रात्री हे करतात. आज यासाठी यंत्रं आहेत, डॉप्लर सोनोग्राफी आहे. पण सत्तावीस वर्षांच्या त्या नवऱ्याच्या हातात फाटलेली तिकिटं येतात तेव्हा अर्धा उपचार तिथेच होतो. आपल्या शरीरात काही तुटलेलं नाही, याचा पुरावा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

बावन्न वर्षांच्या माणसाची तिकिटं बहुधा तशीच राहतात.

या विषयाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक वाजीकरण. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच वाजीकरणाचा अध्याय येतो, आणि त्याच स्थानाच्या शेवटच्या अध्यायात क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार सांगितले आहेत. बीजदोषाने येणारं, अवयवाच्या दोषाने येणारं, म्हातारपणाने येणारं आणि शुक्रक्षयाने येणारं. सूत्रस्थानात तर मनाच्या खिन्नतेला शक्ती घालवणाऱ्या गोष्टींत अग्रस्थान दिलं आहे. कारणं वेगळी तर आजार वेगळे, हा विवेक त्या ग्रंथात आहे. भिंतीवरच्या जाहिरातींत त्यातला एक शुक्रक्षय तेवढा उरला आणि त्याची प्रचंड धास्ती उरली. स्वप्नदोष झाला, लघवीवाटे 'धातू' गेली, की माणूस गळून जातो, ही समजूत इतकी खोल आहे की १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी त्याला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. इथे उपचार म्हणजे बहुतेक वेळा समजूत घालणं असतं. आजार शरीरात नसतोच, भीती मात्र खरी असते.

मुंबईपुरतं बोलायचं तर या भीतीशी पहिली उघड झुंज रघुनाथ धोंडो कर्वे यांनी घेतली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते त्यात सरळ, न लाजता उत्तरं देत. १९३४ साली खटला झाला तो याच उत्तरांवरून. कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. अशा प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं म्हणजे अश्लीलता कशी, हा त्यांचा मुद्दा होता. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हस्तमैथुनाने आपण निकामी झालो असं समजून झुरणाऱ्या मुलाला 'तू निकामी झालेला नाहीस' असं सांगण्याची ती किंमत होती. आजच्या दवाखान्यांत तोच मुलगा तोच प्रश्न घेऊन येतो, म्हणून हा इतिहास इथे थोडा थांबून सांगावा लागतो.

त्याच वर्षी, १९३४ मध्ये, डॉ. ए. पी. पिल्ले यांनी मुंबईतून 'मॅरेज हायजीन' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. पुढे त्याचं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' झालं. जर्मन डॉक्टर ग्राफेनबर्ग यांचा १९५०चा, पुढे जगभर गाजलेला निबंध छापला गेला तो मुंबईच्या या नियतकालिकात. ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नाही, ती असायला हवी. १९४९ मध्ये इथेच फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. डॉ. महिंदर वत्स यांनी सत्तरच्या दशकात याच संस्थेत लैंगिक समुपदेशनाचा आग्रह धरला आणि उतारवयात 'मुंबई मिरर'च्या सदरातून ते घराघरांत पोहोचले. २०२० च्या डिसेंबरात ९६व्या वर्षी ते गेले तोवर त्यांची दोन-तीन ओळींची उत्तरं लोकल गाडीत खांद्यावरून वाकून वाचली जात होती. परळला केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग उभा केला. १९८५ साली दिल्लीत झालेल्या जागतिक परिषदेचे अध्यक्षही तेच होते. पुढे डॉ. राजन भोसले यांनी त्या विभागाची धुरा घेतली. मराठी वाचकाच्या हातात मात्र पडलं ते डॉ. विठ्ठल प्रभू यांचं 'निरामय कामजीवन'. कितीतरी जोडप्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, ते पुस्तक होतं.

जगात याच काळात उपचारांची दिशा दोनदा बदलली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, फ्रॉइडच्या प्रभावाखाली, नपुंसकत्व म्हणजे बालपणीच्या मनोगंडाचा परिणाम असं मानत आणि उपचार वर्षानुवर्षं चाले. १९७० साली अमेरिकेत सेंट लुईसच्या मास्टर्स आणि जॉन्सन यांनी दोन आठवड्यांचा कार्यक्रम पुढे ठेवला. रुग्ण म्हणजे एकटा पुरुष नव्हे, जोडपं. त्यांना घरापासून दूर ठेवायचं, सुरुवातीला संभोगाला पूर्ण बंदी घालायची, आणि आळीपाळीने फक्त स्पर्श करायला सांगायचं. परीक्षाच रद्द झाली की परीक्षेची भीती जाते, हे त्यामागचं साधं तत्त्व. त्यांनी यशाचे नव्हे, अपयशाचे आकडे छापले. शीघ्रपतनात १८६ पुरुषांपैकी फक्त ४ जणांत अपयश! पुढे इतरांनी तेच उपचार करून काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा हे आकडे जुळेनात. विशेषतः शीघ्रपतनात सुरुवातीला कमावलेलं बरंच हळूहळू निसटत गेलं. उपचार संपल्याच्या दिवशी मोजलेला गुण आणि तीन वर्षांनी उरलेला गुण यांतलं हे अंतर या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे.

दुसरं वळण १९८३चं. लास व्हेगासमध्ये युरॉलॉजिस्टांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने व्याख्यानाआधी स्वतःच्या शिश्नात औषध टोचून घेतलं आणि व्याख्यानाच्या शेवटी परिणाम सभागृहाला प्रत्यक्ष दाखवला. कामुक विचार नाही, स्पर्श नाही, केवळ औषधाने ताठरता येऊ शकते, हे त्यानंतर कुणाला नाकारता आलं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एकमत-परिषदेने 'इम्पोटन्स' हा शब्द बाजूला ठेवून 'इरेक्टाइल डिसफंक्शन', म्हणजे ताठरतेतला बिघाड, हे नाव सुचवलं. माणूस असमर्थ ठरत नाही, एका अवयवाचं काम बिघडलेलं असतं. मग २७ मार्च १९९८ रोजी सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, अमेरिकेत मान्यता मिळाली. मुळात ते छातीदुखीसाठी तपासलं जाणारं औषध. नायट्रिक ऑक्साइडवरच्या संशोधनाला त्याच वर्षी नोबेल मिळालं.

भारतात ही गोळी स्वस्तात आली त्यामागे १९७०चा पेटंट कायदा आहे. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, ते बनवण्याच्या कृतीवर आहे, अशी ती तरतूद होती. वेगळ्या कृतीने तेच औषध करणारे रसायनतज्ज्ञ देशाला हवे होते. त्यातले कितीतरी माटुंग्याच्या नाथालाल पारेख मार्गावरच्या यूडीसीटीत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या आणि आता आयसीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत शिकले. डॉ. रेड्डीज उभी करणारे अंजी रेड्डी त्यांच्यापैकीच. २००१च्या सुमाराला भारतीय कंपन्यांच्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या बाजारात आल्या आणि ताठरतेचा उपचार मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागला. जगातल्या महागड्या कृत्रिम शिश्न-रोपणांना स्वस्त पर्याय म्हणून मुंबईच्या डॉ. रुपिन शाह यांनी बनवलेलं 'शाह प्रोस्थेसिस' हेही याच धाग्यातलं.

गोळीने पारडं इतकं झुकलं की मनाचं बोलणंच बंद पडू लागलं. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून होते. मग तो माणूस गोळी घेतो, भरपेट पुरी-भाजी जेवून घेतो, पंधरा मिनिटांनी काही होतंय का ते बघत बसतो, आणि काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ती टाकून देतो. सिल्डेनाफिलला साधारण अर्धा ते एक तास लागतो, तेलकट जेवणाने ते लांबतं, आणि स्पर्श-इच्छा नसेल तर ते काहीच करत नाही. दोन-तीनदा जमलं नाही म्हणून औषध निकामी ठरवू नये, योग्य मात्रेत आणि योग्य रीतीने सहा ते आठ वेळा तरी वापरून बघावं, असं तज्ज्ञ सांगतात. 'औषध लागू पडलं नाही' म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांना औषध घ्यायचं कसं हेच कुणी सांगितलेलं नसतं. आणि एक गोष्ट जीवावरची आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या किंवा कोणतंही नायट्रेट घेणाऱ्या माणसाने ही गोळी घ्यायचीच नाही. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली जातो. ती शेड्यूल एचमधली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी अशी गोळी आहे, ते याचसाठी.

आता त्या तिघांकडे परत येऊ.

सत्तावीस वर्षांच्या नवऱ्याचं कॅलेंडर आठवड्यांचं आहे. काही दिवस गोळीचा आधार, स्पर्शाचा गृहपाठ, बायकोशी मोकळं बोलणं, आणि अनेकांची गोळी लवकरच सुटते. पण इथे मुंबईची अडचण आडवी येते. मास्टर्स-जॉन्सन यांनी जोडप्यांना हॉटेलात ठेवलं होतं. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती. तिच्यात आई-वडील, धाकटा भाऊ, पोटमाळ्यावर सामान, आणि गॅलरीतून येणाजाणाऱ्यांचे आवाज. परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्या कितीतरी पुरुषांनी पहिला शरीरसंबंध श्वास रोखून आणि घाईत केला. घाईचीच सवय लागली. पुढे त्याच घाईला शीघ्रपतन म्हणून ते औषध शोधू लागले. मग गृहपाठ देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारावं लागतं, घरात कोण किती वाजता असतं? आई संध्याकाळी देवळात जाते का? भावाची रात्रपाळी कधी असते? एखाद्या जोडप्याच्या वाट्याला आठवड्यातला एकच दीड तास येतो. त्यांचा चार आठवड्यांचा कार्यक्रम चार आठवड्यांत कसा पूर्ण होईल? टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना दार मिळालं, पण त्यांची दोन्ही माणसं रात्री नऊनंतर घरी पोहोचतात. परदेशी पुस्तकांतल्या मुदती इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे पुस्तक लिहिण्याचं ते एक मोठं कारण आहे.

शीघ्रपतनाबाबत अपेक्षाच मुळात तपासायला हवी. पाच देशांतल्या जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यक ५.४ मिनिटांचा निघाला. अर्धा तास ही अपेक्षा सिनेमांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून आलेली आहे. तरुण मुलगा चार मिनिटांना आजार समजून येतो तेव्हा त्याला आकडा सांगणं हाच उपचार. ज्यांना जन्मभर मिनिटाच्या आत वीर्यपतन होतं त्यांचा त्रास खरा आहे. त्यांना औषधांचा उपयोग होतो, पण औषध बंद केल्यावर बहुतेकांचं पहिल्यासारखं होतं. हे आधीच सांगितलं तर माणूस फसवला गेल्यासारखं वाटून घेत नाही. चष्मा काढला की अंधुक दिसतं, म्हणून कुणी चष्म्याला दोष देत नाही.

बावन्न वर्षांच्या मधुमेहींचं कॅलेंडर महिन्यांचं आणि वर्षांचं आहे. त्यांच्या तक्रारीत एक पूर्वसूचनाही आहे. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. गाळ सारखाच साचत असला तरी अरुंद नळ आधी तुंबतो. म्हणून ताठरतेचा बिघाड हृदयविकाराच्या कधी दोन, कधी पाच वर्षं आधी दिसतो. अशा माणसाला गोळी देऊन घरी पाठवणं आणि साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी न बघणं, हा हलगर्जीपणा आहे असं या पुस्तकाचं ठाम म्हणणं आहे. मधुमेहात गोळीचा गुणही इतरांपेक्षा कमी येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आशेलाही आधार आहे. २००४ साली इटलीत ११० स्थूल, ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांना मधुमेह, रक्तदाब नव्हता. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचं नेटकं मार्गदर्शन दिलं, उरलेल्यांना सर्वसाधारण सल्ला. दोन वर्षांनी पहिल्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली होती, दुसऱ्या ५५ पैकी ३ जणांची. कुठलीही गोळी नाही. फाइव्ह गार्डन्सला सकाळी चकरा मारणाऱ्यांना त्या चकरांचा हा उपयोग कुणी सांगितलेला नसतो. मात्र दोन वर्षं लागली, आणि तिघांतल्या दोघांना पूर्ण गुण आला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

चौसष्ट वर्षांच्या माणसाला सगळ्यात जास्त धीर लागतो. प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी ताठरतेचे मज्जातंतू जातात. ते वाचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १९८२ साली पॅट्रिक वॉल्श यांनी अमेरिकेत दाखवली. तंतू वाचले तरी ओढाताणीने ते बधिर पडतात आणि जागे व्हायला दीड-दोन वर्षंही घेतात. पाचव्या महिन्यात काही होत नाही म्हणून आयुष्यातला तो भाग संपला असं धरून चालणारे पुरुष पुष्कळ आहेत. कॅन्सरमधून वाचलो तेच खूप, आता हे कशाला विचारायचं, अशी लाज त्यांना वाटते. शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांना आणि त्यांच्या पत्नींना ही मुदत सांगितली, मधल्या काळात गोळी, इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप यांपैकी काय वापरता येईल ते दाखवलं, तर त्या दीड वर्षात नवरा-बायको एकमेकांपासून तुटत नाहीत. तंतू वाचवता आलेच नसतील तर तेही स्पष्ट सांगायला हवं. मग रोपणाचा विचार करता येतो. ते बसवल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी संबंध ठेवता येतात, पण तो परतीचा रस्ता नाही, हे समजून.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल दोन वाक्यं पुरेत. ज्याचं प्रमाण सकाळच्या तपासणीत खरोखर कमी निघालं त्याची इच्छा काही आठवड्यांत वाढते, ताठरतेला अनेक महिने लागतात. मूल हवं असलेल्या माणसाने ती घेऊ नयेत, कारण त्याने शुक्रजंतू बनणंच मंदावतं. जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून घेणाऱ्या तरुणांना हे कुणी सांगत नाही.

हे सगळं आत्ताच का सांगायचं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या पुरुषांचा मोठा हिस्सा कधी ना कधी हा प्रश्न विचारणार आहे. लग्नं उशिरा होताहेत, दुसरी लग्नं होताहेत, पन्नाशीत नवं आयुष्य सुरू होतंय. २०१८ साली समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, त्यानंतर पुरुषावर प्रेम करणारे पुरुषही दवाखान्यात थोडे मोकळेपणाने बोलू लागले आहेत, त्यांच्याही तक्रारी हेच शरीर आणि हीच भीती घेऊन येतात. दुसरीकडे खोट्या मुदती भिंतीवरून फोनवर आल्या आहेत. १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने लैंगिक दुर्बलता बरी करण्याच्या जाहिरातींवर बंदी घातली, ती सत्तर वर्षांनीही कागदावर आहे. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे. सॉर्बिट्रेट घेणारा एखादा आजोबा आयुर्वेद म्हणून ती पुडी घेतो, तेव्हा तो कशाशी खेळतोय हे त्याला कळायला मार्गच नसतो.

या पुस्तकाने मुदतींचा प्रश्न टाळलेला नाही. प्रत्येक तक्रारीत गुण कुठल्या टप्प्याने येतो, कशात पूर्ण बरं होता येतं, कशात औषधाच्या सोबतीने चांगलं जगता येतं आणि कशात जुनं परत येत नाही, हे ते वेगवेगळं सांगतं. 'पूर्वीसारखं' या शब्दाला त्यात फार जागा नाही. साठीतल्या पुरुषाला विशीतली ताठरता परत आणून देतो असं म्हणणाऱ्याला या पुस्तकाने सरळ खोटं म्हटलं आहे. बायकांना त्यात दोन-चार ओळींत उरकलेलं नाही. गोळी नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते, पण तिचा परिणाम दोघांच्या अंथरुणात उतरतो. रजोनिवृत्तीनंतर त्रास होणाऱ्या पत्नीला न विचारता नवऱ्याचा उपचार यशस्वी झाला असं म्हणता येईल का, असा प्रश्न त्यात आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असं दिलं आहे.

काही वाचकांना हे पुस्तक संथ वाटेल. चार घड्यांच्या चिठ्ठीवर लिहायला नाव हवं म्हणून जो ते उघडेल, त्याला गोळीचं नाव सापडेपर्यंत बरीच पानं उलटावी लागतील. त्याआधी त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला जाईल, कंबर मोजली जाईल, कुठली औषधं चालू आहेत ते लिहून घेतलं जाईल, आणि घरी बायकोला काय वाटतं, हे त्याला विचारलं जाईल.